आमची वाटचाल : मशिन कुठं बंद करायचं

आमच्या धनुष्यांच्या कारखान्याबद्दल कोल्हापुरात दोन गोष्टी ऐकायला मिळतात. एक म्हणजे, हे लोक अजून हातानंच तासत बसतात, म्हणून माल वेळेवर मिळत नाही. दुसरी म्हणजे, हे हाताचं काम म्हणून विकतात आणि आत बँडसॉ, म्हणजे विजेवरची पट्टाकरवत, चालू असतो. दोन्ही बोलणाऱ्यांनी उद्यमनगरातल्या आमच्या शेडची पायरी कधी चढलेली नाही. धंद्यातल्या लोकांना वेगळं सांगायची गरज नाही, पण ज्यांच्या डोक्यात मुद्दाम गैरसमज भरून दिले गेले त्यांच्यासाठी एकदा सगळं लिहून ठेवतो.

आमचे आण्णा पॅटर्नमेकर. फाउंड्रीवाल्यांना सागवानी पॅटर्न, म्हणजे ओतकामाच्या साच्यासाठी लागणारे लाकडी नमुने, करून देणं हा घरचा मूळ धंदा. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, थंड होताना मीटरमागे साधारण १० मिलिमीटर आकसतं, म्हणून पॅटर्नवाल्याची फूटपट्टीच तेवढी लांब असते. आण्णांची ती पट्टी आजही शेडमध्ये खिळ्याला टांगलेली आहे आणि एखाद्या नव्या पोरानं धनुष्याचं माप तिच्यावर घेतलं की मिस्त्री शेड डोक्यावर घेतात. पुढं अ‍ॅल्युमिनियमचे पॅटर्न आले, संगणकावर चालणारं सीएनसी मशिन आलं, लाकडाचं काम निम्म्यावर आलं. त्या पडत्या काळात मर्दानी खेळाचे एक वस्ताद आण्णांकडे आले. त्यांच्याकडची धनुष्यं मिरवणुकीत धरण्यापुरती होती. ते म्हणाले, "आण्णा, दाखवायचं नको. बाण पल्ल्यावर गेला पाहिजे." आण्णांनी ते काम माझ्यावर आणि मिस्त्रींवर टाकलं. तिथून आमचा धंदा सुरू झाला.

मिस्त्री आण्णांच्या हाताखाली तयार झालेले. नफ्यात त्यांचे चार आणे पहिल्या दिवसापासून ठरलेले आणि आजही तेवढेच आहेत. तोट्यात मात्र त्यांनी आठ आणे उचलले, तो भाग पुढं येईल.

आता अवजारांबद्दल, कारण सगळा वाद तिथंच आहे.

धामणीचं लाकूड आम्ही परवान्यासह येणाऱ्या मालातूनच घेतो. वाहतूक पास नसेल तर गाडी दारातून परत जाते, भाव कितीही कमी असू दे. ओंडका आला की करवतीला आधी हात लावत नाही. पाचर आणि घण घेऊन तो फोडतो. फोडलेलं लाकूड आपल्या नसेनं फाटतं, त्यामुळे नस कुठं जाते ते पहिल्याच दिवशी कळतं. सरळ नसेचा ओंडका असेल तर मग बँडसॉ. चौदा इंची, एका बंद पडलेल्या पॅटर्न शॉपमधून जुना घेतलेला, इंचाला तीन दातांचं ब्लेड. खुणेच्या रेघेबाहेर चांगलं बोटभर लाकूड ठेवून कापायचं आणि मशिन बंद करायचं. हे काम हातकरवतीनं केलं तर माणूस दुपारपर्यंत दमतो आणि दमलेल्या हातात पुढचं नाजूक काम येतं. कष्ट वाया घालवण्यात कसली आली परंपरा? आल्प्समध्ये १९९१ साली बर्फात सापडलेल्या त्या पाच हजार वर्षांपूर्वीच्या माणसाजवळ यू लाकडाचं अर्धवट धनुष्य होतं, जवळजवळ १.८२ मीटर लांब, त्यावर कुऱ्हाडीचे घाव अजून स्पष्ट दिसतात. त्यानंही लाकूड आधी कुऱ्हाडीनं उतरवून घेतलं होतं आणि बारीक काम पुढं ठेवलं होतं. रफ कामाचं हत्यार वेगळं आणि बारीक कामाचं वेगळं, हा हिशेब वीज येण्याच्या कितीतरी आधीचा आहे.

बँडसॉनंतर लाकूड शेगड्यात, म्हणजे ते घट्ट पकडून ठेवणाऱ्या वाइसमध्ये जातं. धनुष्याची पाठ, म्हणजे नेम धरताना समोरच्या बाजूला येते ती, एकाच वर्षवलयाची लागते. वरचं वलय दोन मुठींच्या सुरीनं सोलत यायचं आणि खालचं लागलं की थांबायचं. दोन वलयांच्या मधला थर सुरीखाली वेगळा वाजतो, किंचित कुरकुरतो, आणि घट्ट लाकूड लागलं की आवाज गप्प होतो. मिस्त्री हे काम रस्त्याकडे तोंड करून करत नाहीत, रिक्षांच्या आवाजात सुरी ऐकू येत नाही म्हणून. बेल्ट सँडर चालू असताना तर काहीच ऐकू येत नाही. एका जागी वलय कापलं गेलं की तिथले तंतू तुटले, आणि धनुष्य पूर्ण ओढल्यावर ते तिथूनच उचकटतं. बांबूच्या पाठीला, आम्ही कोकणातला भरीव माणगा वापरतो, हाच नियम आणखी कडक. वरची साल हीच ताकद. पेरावरचा उंचवटा कानशीनं हलका करायचा, साल कापायची नाही.

आणि पोटाची बाजू. इथं गणित सांगतो, कारण मशिनवाले गणिताच्या नावानंच आम्हाला मागासलेले म्हणतात. पात्याचा, म्हणजे धनुष्याच्या वाकणाऱ्या भागाचा, ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे बदलतो. रुंदी दहा टक्के कमी केली तर ताठपणा दहा टक्के जातो, पण जाडी दहा टक्के कमी केली तर सत्तावीस टक्के जातो. १० मिलिमीटर जाडीचं पातं एका जागी अर्ध्या मिलिमीटरनं उतरलं की त्या जागेचा सुमारे १४ टक्के ताठपणा संपला. खरखरीत पट्टा लावलेला सँडर क्षणभर एका जागी रेंगाळला तरी अर्धा मिलिमीटर जातो. स्क्रेपर, म्हणजे लाकूड खरवडायची पोलादी पट्टी, एकदा फिरवली की कागदापेक्षा पातळ साल निघते. पातं वाकवून बघा, दोन हात मारा, दोरी लावून पंधरा-वीस वेळा अर्धं ओढा, मग पुन्हा बघा. लाकडाला नवा आकार समजायला तेवढा वेळ लागतो. पहिल्यांदा वाकवल्यानंतर आमच्याकडे विजेवर चालणारं काहीही त्या लाकडाला लागत नाही. आमचा नियम एवढाच आहे. लोक बाहेर काहीही सांगोत.

आता त्या माणसाबद्दल. नाव घेणार नाही, ओळखणारे ओळखतील.

तो आमच्याकडेच शिकला. हात चांगला होता, डोकं तर त्याहून चांगलं. आण्णांनी त्याला घरच्या पंगतीला बसवलेलं आहे. एका दिवाळीनंतर तो आला नाही आणि महिनाभरात कळलं की त्यानं एमआयडीसीत गाळा घेतलाय. प्लेनर, थिकनेसर, राउटर, मोठा बेल्ट सँडर. आमच्या एका चांगल्या धनुष्यावरून प्लायवुडचं टेम्प्लेट काढलं आणि राउटरनं सगळी एका छापाची कापायला लागला. आमचा महिन्याचा माल तो आठवड्यात काढायचा. भाव आमच्या निम्म्याच्याही खाली. वर सांगायचा काय, तर शिक्षण आमच्याच शेडमध्ये झालंय.

शाळांना धनुष्यं पुरवण्याची एक मोठी ऑर्डर तेव्हा निघाली होती. नमुना आमचा पसंत पडला होता, तोंडी शब्द मिळाला होता, त्या शब्दावर आम्ही धामण आणि माणगा उचलून ठेवला होता. ऑर्डर त्याला गेली. आमचं लाकूड पडून, पैसा अडकलेला, नेहमीची गिऱ्हाईकंही "तिकडं स्वस्त मिळतंय की" म्हणून निघून गेली. त्या वर्षी बायकोच्या पाटल्या गुजरीत, सराफाकडे गेल्या. शेडचं भाडं थकलं. मिस्त्रींनी आपला हिस्सा घेतला नाहीच, वर गावाकडची म्हैस विकून आलेले पैसे न विचारता गल्ल्यात ठेवले. मी परत द्यायला गेलो तर म्हणाले, "भावा, मोजायचं नंतर बघू. शेगडा विकायचा नाही."

पावसाळ्यानंतर त्याची धनुष्यं मोडायला लागली.

गारगोटीकडच्या एका आश्रमशाळेचे क्रीडाशिक्षक आमचे फार जुने गिऱ्हाईक. अनुदान येवो न येवो, दरवर्षी पोरांसाठी आमच्याकडून धनुष्यं नेणार, कधी स्वतःच्या पगारातून. त्या वर्षी वरून आलेला माल त्यांच्याही शाळेवर लादला गेला होता. एसटीनं आले, पिशवीतून मोडलेलं पातं काढलं आणि शेगड्याशेजारी ठेवलं. मिस्त्रींनी चष्मा लावला. पाठीवर सँडरचे आडवे ओरखडे होते, त्यात दोन वलयं ओलांडून खड्डा पडलेला. मोड कडेपासून सुरू झाली होती, जिथं नस तिरकी बाहेर निघत होती, आणि वीतभर लांब टोकदार कापरी उभी राहिली होती. फळीतून छापानं कापलं की नस बघितली जात नाही, तिथंच हे होतं. मिस्त्रींनी त्या तिरक्या नसेवरून नख फिरवलं आणि काही बोलले नाहीत. सर म्हणाले, "मिस्त्री, हे तुमचं नाही एवढं मला कळतंय. पण पोराच्या कानशिलाजवळून गेलंय ते. त्याच्या आईला काय सांगू?"

आम्ही त्यांना अडकून पडलेल्या लाकडातली धनुष्यं दिली, पैसे जमतील तेव्हा द्या म्हणून. त्यांनी ते शेवटच्या रुपयापर्यंत फेडले. शिवाय आपल्या ओळखीच्या शिक्षकांना मोडलेलं आणि आमचं अशी दोन्ही पाती दाखवत फिरले. आमचा धंदा त्या माणसानं वाचवला, हे मी कुठंही सांगायला तयार आहे.

पण बाजारात काय पसरलं? "कोल्हापूरची धनुष्यं मोडतात." त्याच्या मालावर कोल्हापूर लिहिलेलं होतं, आणि कोल्हापूर म्हटलं की लोकांना आम्हीच आठवायचो. ज्यांनी ऑर्डर फिरवली त्यांच्याकडूनच आम्हाला फोन आला, मोडलेला माल दुरुस्त करून द्याल का, आणि तोही सद्भावनेपोटी. मी नाही म्हटलं. तिरक्या नसेला दुरुस्ती नसते. त्या नकारामुळे आम्ही उर्मट ठरलो, ते आजतागायत. आणि तो गृहस्थ आता आपल्या जाहिरातीत "हस्तनिर्मित" लिहितो. राउटर तिथंच आहे, मी ओळखीच्या ट्रकवाल्याकडून खात्री करून घेतलेली आहे.

नंतरची वर्षं चांगली गेली, त्यात सांगण्यासारखं विशेष नाही. माल जात राहिला, पाटल्या परत आल्या. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली, धोका पातळी ४३ ची, तेव्हा शुक्रवार पेठेतल्या खोलीत वाळत ठेवलेला माणगा सगळा गेला. धामण सावलीत पुन्हा वाळवली, त्यातली बरीचशी वाचली. तेव्हापासून लाकूड माळ्यावर असतं.

२०२३ साली बर्लिनमध्ये साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचे ओजस देवतळे जगज्जेते झाले, तेव्हापासून पालकांचे फोन वाढले. ते दोघं कंपाउंड, म्हणजे टोकांना चाकं असलेल्या धनुष्यावर खेळतात, आमचा त्याच्याशी संबंध नाही, हे मी प्रत्येकाला आधीच सांगतो. आमचं धनुष्य इंडियन राउंडचं, म्हणजे साध्या देशी धनुष्याच्या ३० आणि ५० मीटरच्या स्पर्धेचं, आणि मर्दानी खेळाचं. पोराला पहिलं धनुष्य १५ ते २० पौंडांचं, म्हणजे ओढायला तेवढा जोर लागेल असं, पुरे. बापाला वाटतं म्हणून पोराच्या हातात ३० पौंड देऊ नका, त्याचा खांदा बिघडू शकतो.

जे स्वतः करून बघणार आहेत त्यांच्यासाठी. पहिल्या पैशात ग्राइंडर घेऊ नका. मोबाइलवर बघून फ्लॅप डिस्कनं तासलेली धनुष्यं आमच्याकडे येतात, पोटावर खळगे पडलेली, आणि खळगा भरून निघत नाही. एक चांगला रंधा, एक जाड दाताची कानस, एक स्क्रेपर आणि लटकवायचा वजनकाटा घ्या. बँडसॉवर तासाला पैसे देऊन दुसऱ्याच्या शेडमध्ये कापून घ्या. स्क्रेपरची धार रोज सकाळी उठल्यावर काढा, संध्याकाळी नको, संध्याकाळी माणूस घाई करतो. बाण न लावता दोरी सोडू नका. काम झालं की दोरी उतरवा. उन्हाळ्यात धनुष्य गाडीत ठेवू नका.

आणि मुलाला या धंद्यात आणायचं असेल तर आधी दोन वर्षं त्याच्याकडून फक्त लाकूड फोडून घ्या.

जून ते सप्टेंबर आम्ही पात्याला हात लावत नाही, हवेत ओल असते, काट्यावर येणारं वजन खरं नसतं. त्या काळात फक्त दोऱ्या, मुठी आणि जुन्या धनुष्यांची तपासणी चालते. ऑर्डर दसऱ्यानंतर घेतो. दुरुस्तीला आणायचं असेल तर दोरी उतरवून, कापडात गुंडाळून आणा, आणि कुणाकडून घेतलंय ते खरं सांगा.