गणेश घाटाने भीमाशंकर : सरावाच्या नोंदी

इमारतीचे जिने चढून कमावलेला दम सह्याद्रीच्या घाटवाटेवर कितपत टिकतो हे पाहण्यासाठी मी खांडसहून भीमाशंकरला जाणारी गणेश घाटाची वाट निवडली, आणि ऋतू बदलला की तीच वाट पुन्हा चालण्याचा परिपाठ ठेवला. वाट एकच असली की मागच्या नोंदीशी ताडून पाहता येते. दर वेळी नवा डोंगर गाठणाऱ्यांना ती सोय नसते.

पहाटेच्या कर्जत लोकलने नेरळ आणि तेथून वडापच्या गाडीने कशेळेमार्गे खांडस, या प्रवासाबद्दल सांगण्यासारखे काही नाही. खांडसच्या पुढे शिडी घाट आणि गणेश घाट या वाटा वेगळ्या होतात. शिडी घाट जवळचा आहे, परंतु त्यातील लोखंडी शिड्या आणि उघडे कातळटप्पे पावसात अतिशय निसरडे होतात, त्यामुळे ऐन श्रावणात तिकडून जाण्याचा हट्ट धरणाऱ्यांशी माझे जमत नाही. गणेश घाट लांबचा असला तरी मळलेला आणि बेताच्या चढाचा आहे.

वाटेतील गणपतीच्या मंदिरापासून माझी खरी मोजणी सुरू होते. मंदिरापुढे हात जोडून निघाल्यावर चालता चालता अथर्वशीर्ष म्हणायचे. ओळ मध्येच तुटली तर वेग जास्त आहे असे समजून पावले आवरायची. हृदयाचे ठोके मोजणारे घड्याळ मनगटावर असतेच, पण बोलता येण्याइतका श्वास शिल्लक असणे ही खूण मला अधिक विश्वासार्ह वाटते. सुरुवातीला पदरगडाच्या पायथ्याने जाणाऱ्या आडव्या वाटेवरही ओळी तुटत होत्या. आता ‘कलावंतिणीचा महाल’ म्हणून ओळखले जाणारे पदरगडाचे सुळके मागे पडून पदरवाडीचे पठार येईपर्यंत पठण अखंड चालते. दोन्ही घाटांच्या वाटा या पठारावर एकत्र येतात.

पठारानंतरचा दुसरा चढ मात्र अजून पुरता साधलेला नाही. येथे रान दाट होते, अंजनी, जांभूळ, हिरडा यांची सावली मिळते, आणि चढ अंगावर येत असूनही लक्ष सारखे वर फांद्यांकडे जाते. भीमाशंकर अभयारण्य 1985 मध्ये घोषित झाले ते प्रामुख्याने शेकरूसाठी. महाराष्ट्राच्या या राज्यप्राण्याची काटक्या-पानांची गोल घरटी उंच शेंड्यांजवळ दिसतात. शेकरू दिसले की मी थांबतो आणि तो वेळ नोंदीतून वजा करत नाही. वेळेची नोंद त्याने बिघडते, तर बिघडो.

एकूण चढाई 800 मीटरांहून अधिक आहे. वर पोहोचल्यावर बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक असलेल्या या देवळाकडे पुन्हा पायऱ्या उतराव्या लागतात, हे थकलेल्या गुडघ्यांना फारसे रुचत नाही. शिखराचे बांधकाम नाना फडणवीसांनी करविले. आवारातील शनिमंदिरापाशी टांगलेली पोर्तुगीज घंटा मला अधिक खिळवून ठेवते. 1739 मध्ये वसई जिंकल्यावर चिमाजी अप्पांनी ती येथे अर्पण केली, असे सांगतात. वसईपासून ही अवजड घंटा सह्याद्रीच्या माथ्यावर कशी चढवली असेल, हा विचार पाठीवरच्या पिशवीची तक्रार बंद करायला पुरेसा असतो.

उतरण्याची तयारी वेगळी करावी लागते. उतारावर मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात, म्हणून दुसऱ्या दिवशीचे दुखणे चढण्यापेक्षा उतरण्याचे अधिक असते. यासाठी मी जिने सावकाश उतरण्याचा सराव वाढवला. लिफ्टने वर जाऊन पायी खाली येणारा मनुष्य पाहून शेजारी बुचकळ्यात पडतात, पण गुडघ्यांची कुरकुर स्पष्टपणे कमी झाली आहे. उतारावर दोन काठ्या आणि आखूड पावले हेही आता अंगवळणी पडले आहे.

पाऊस ओसरल्यावर, अश्विनात, याच वाटेने वर जाऊन गुप्त भीमा आणि नागफणी ही वरची ठिकाणे त्याच फेरीत जोडायची, वर मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी गणेश घाटानेच उतरायचे असे ठरवले आहे.