‘म्हणजे मनाचं काही नव्हतंच ना?’

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. लग्नाच्या पंगतीत, हळदीकुंकवाला, एकदा तर एसटीत शेजारी बसलेल्या बाईंनीही मला हेच विचारलं होतं. विचारणाऱ्याला माझी हकिगत अर्धीमुर्धी माहीत असते. हिला झटके यायचे, सगळे म्हणायचे टेन्शन आहे, मग पुण्याला नेलं तर हृदयाचंच काहीतरी निघालं, आता बरी आहे. एवढं झालं की आवाज खाली येतो आणि प्रश्न येतो, ‘म्हणजे मनाचं काही नव्हतंच ना?’ माझ्यावरचा आळ गेल्याचा आनंद त्यांना माझ्यापेक्षा जास्त झालेला असतो.

याचं उत्तर हो किंवा नाही असं एका शब्दात देता येत नाही.

आधी काय व्हायचं ते सांगते. मी खाली वाकायचे, कधी दारात रांगोळी काढायला, कधी पतसंस्थेतल्या कपाटाच्या खालच्या कप्प्यातली फाइल काढायला. उठताना छातीत एक ठोका चुकल्यासारखं व्हायचं आणि बटण दाबल्यासारखी धडधड सुरू. हळूहळू वाढत जाणं वगैरे काही नाही, पहिल्या क्षणापासून पूर्ण वेग. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणायची, ‘अगं, तुझा गळा उडतोय.’ खरंच उडायचा, ब्लाउजच्या गळ्याच्या वर दिसायचं. हात गार, डोळ्यांपुढे अंधारी, आणि थोड्या वेळाने ‘आता आपण जातो’ ही खात्री. कधी दहा मिनिटं, कधी तासभर. मग जसं सुरू झालं तसंच एका ठोक्यात बंद. त्यानंतर दोन-तीनदा लघवीला जावं लागायचं, तेही भरपूर. हे शेवटचं कुणीच विचारलं नाही.

डॉक्टरांकडे पोहोचेपर्यंत सगळं शांत झालेलं असायचं. बीपी बरोबर, हिमोग्लोबिन बरोबर, थायरॉइड बरोबर, ईसीजी तर अगदी पुस्तकातल्यासारखा. एकदा चोवीस तास छातीला होल्टर, म्हणजे ठोक्यांची सतत नोंद ठेवणारं छोटं यंत्र, लावलं, त्या चोवीस तासांत झटका आला नाही. मग ठरलेला प्रश्न, ‘घरात काही ताण?’ सासरे अंथरुणाला खिळलेले, मुलाची दहावी, संस्थेचं ऑडिट. झालं, निदान मिळालं! चाळिशीतल्या कुठल्याही बाईला हा प्रश्न विचारा, उत्तर ‘हो’च येईल. ज्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांचं एकच असतं, त्यावरून निदान कसं होणार, हे मला आजही कळलेलं नाही.

गोळी मिळाली. तिने झटके कमी झाले, आणि खरा गुंता इथे आहे. आपल्याकडे घबराटीसाठी देतात त्या पुष्कळ गोळ्यांत झोपेच्या जातीच्या औषधाबरोबर प्रोप्रानोलॉल असतं. प्रोप्रानोलॉल मनाला शांत करतं असं म्हणतात ते मुख्यतः ठोके कमी करून. हृदयात वरच्या कप्प्यांकडून खालच्या कप्प्यांकडे विजेचा इशारा जिथून जातो, त्या एव्ही नोडला ते सुस्त करतं. माझा बिघाड नेमका तिथेच होता. म्हणजे गोळी लागू पडली ती हृदयावर, आणि सगळ्यांनी अर्थ काढला की टेन्शनच होतं. ‘बघ, घबराटीच्या गोळीने बरं वाटतंय ना?’ यावर काय बोलणार?

सासूबाई मीठ-मोहऱ्या उतरवायच्या. पण घरात ‘हिला खरंच काहीतरी होतंय, हिला काय हौस आहे का?’ असं ठणकावून म्हणणाऱ्याही त्याच एकट्या. त्यांची दृष्टीवर श्रद्धा होती, माझ्यावरही होती.

शेवटी मला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं, आणि इथे लोकांची गोष्ट उलटी होते. त्या बाईंनी ताणाबद्दल नंतर विचारलं. पहिला प्रश्न होता, ‘हे थांबतं कसं? ओसरत जातं की तुटतं?’ मी म्हटलं, तुटतं. ‘आधी भीती वाटते की आधी धडधड?’ आधी धडधड, भीती मागून. ‘नंतर लघवी?’ मी त्यांच्याकडे बघतच राहिले. पॅनिक अटॅकही काही मिनिटांत टोकाला जातो, पण तो बहुधा चढत जातो आणि ओसरत जातो, असं त्यांनी समजावलं. मग म्हणाल्या, ‘पुढच्या वेळी सुरू झालं की घरी जाऊन पडायचं नाही आणि माझ्याकडेही यायचं नाही. रस्त्यात सगळ्यात जवळ जिथे ईसीजीचं मशीन असेल तिथे जायचं, आणि धडधड चालू असतानाच ईसीजीची पट्टी काढून घ्यायची.’

मार्चअखेरीला झटका आला. समोरच्या इमारतीत एका डॉक्टरांचं छोटं क्लिनिक होतं, मैत्रिणीने तिथे नेलं. पट्टीवर ठोके मिनिटाला १९० च्या आसपास, सगळे सारख्या अंतरावर, बारीक आणि दाट. डॉक्टर म्हणाले, ‘एसव्हीटी.’ म्हणजे हृदयाच्या वरच्या भागातून अचानक सुरू होणारी जलद धडधड. त्यांनी सुई नसलेली सिरिंज तोंडात दिली आणि दट्ट्या हलेल इतक्या जोराने फुंकायला लावलं, पंधरा सेकंद. मग झटकन आडवं करून पाय वर धरले. ही साधी युक्ती इंग्लंडमधल्या एका मोठ्या चाचणीत तपासली गेली आहे. २०१५ साली तिचे निकाल आले, त्यात ४३ टक्के लोकांचे ठोके एवढ्यानेच जागेवर आले. नुसतं बसून फुंकणाऱ्यांत हे प्रमाण १७ टक्के होतं. मी उरलेल्यांत निघाले.

मग मोठ्या दवाखान्यात ॲडेनोसिन. हे इंजेक्शन शिरेतून झपकन देतात, कारण रक्तात ते काही सेकंदच टिकतं. तेवढ्यात ते एव्ही नोडला क्षणभर थांबवतं. छातीवर दगड ठेवल्यासारखं होतं आणि जीव जातोय असं स्पष्ट वाटतं. भित्र्या माणसाला नाही, कुणालाही. मॉनिटरवर रेघ सरळ झाली, मग एक ठोका, मग दुसरा, मग माझ्या नेहमीच्या चालीचे ठोके. शिरेतल्या औषधानेही मरणाची खात्री पटवता येते, हे मला त्या टेबलावर कळलं.

पुण्याच्या डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं. माझ्या एव्ही नोडपाशी जन्मापासूनच इशाऱ्याला दोन वाटा होत्या, एक जलद, एक संथ. एरवी काही बिघडत नाही. पण एखादा ठोका वेळेआधी पडला की इशारा एका वाटेने खाली उतरतो, दुसरीने वर चढतो आणि तिथेच गरागरा फिरत राहतो. वरचे आणि खालचे कप्पे एकाच वेळी आकुंचन पावतात, त्यामुळे रक्त मानेकडे उलटं धडकतं. मैत्रिणीला दिसलेला गळा तो. वरचे कप्पे ताणले गेले की तिथून लघवी वाढवणारं संप्रेरक सुटतं. आणि हा प्रकार पुरुषांपेक्षा बायकांत जवळपास दुप्पट आढळतो.

१९९७ साली अमेरिकेत अशाच १०७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यांतल्या ६७ टक्के लोकांची लक्षणं पॅनिक डिसऑर्डरच्या निकषांत बसत होती आणि निम्म्याहून अधिकांचं निदान पहिल्या तपासणीत निसटलं होतं. निसटलेल्यांत ‘ताण’, ‘घबराट’ ही चिठ्ठी बायकांना जास्त लागली होती. हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मला राग यायला हवा होता. प्रत्यक्षात मी त्यांना डब्यातली चकली दिली.

त्यावर उपचार म्हणून केलेल्या अॅब्लेशनचं फार सांगण्यासारखं नाही. जांघेतल्या शिरेतून तारा हृदयापर्यंत नेतात, मुद्दाम झटका आणतात आणि संथ वाट उष्णतेने बंद करतात. शंभरातल्या पंचाण्णवाहून अधिक जणांना पुन्हा त्रास होत नाही. एखाद्याला पेसमेकर लागू शकतो, तशी सही आधी घेतात. मी जागी होते.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. वाट बंद झाल्यावर झटके थांबले, भीती थांबली नाही. जिना चढल्यावर ठोके वाढले की मी भिंतीला धरून उभी राहायचे. खाली वाकायचं टाळायचे, रांगोळी काढणंही सोडलं. सगळे रिपोर्ट चांगले असताना रात्री उठून नाडी मोजत बसायचे. ही मात्र खरीखुरी घबराट होती, आणि ती बिनकारणाची नव्हती. इतकी वर्षं शरीराने दर वेळी खोटी मरणघंटा वाजवली असेल तर मन सावध राहणारच. त्यासाठी मी पुन्हा त्याच मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी मुद्दाम जिने चढायला लावले, ठोके वाढू द्यायला लावले, आणि ते आपोआप उतरेपर्यंत नाडी न धरता थांबायला शिकवलं. अॅब्लेशनपेक्षा याला वेळ जास्त लागला.

म्हणून ‘मनाचं नव्हतंच ना’ याला मी मान डोलावत नाही. माझ्या चुलत जावेला खरोखरीचे पॅनिक अटॅक येतात. तिची धडधड खरी, घाम खरा, हात सुन्न होणं खरं. तुमच्या त्या सुटकेच्या सुराने तिच्यावरचा आळ मात्र पक्का होतो. तिच्या पट्टीवर ठोके वाढलेले पण साधे निघाले, तिला औषध आणि समुपदेशन लागू पडलं. मला तार लागली, आणि नंतर तेच समुपदेशनही.

राहिला तो दुसरा प्रश्न, जो बहुतेक जण निघता निघता विचारतात: ‘मलाही असंच होतं, मी काय करू?’ माझ्या गोष्टीवरून स्वतःचं निदान करू नका. थायरॉइड आहे, रक्त कमी असणं आहे, साखर उतरणं आहे, आणखीही कारणं आहेत. सुरू कसं होतं, तुटतं की ओसरतं, आधी धडधड की आधी भीती, हे लिहून डॉक्टरांना दाखवा. शुद्ध हरपली किंवा छातीत दुखलं तर थेट मोठा दवाखाना गाठा. चालू झटक्यातली पट्टी मिळाली तर तिचा लगेच फोटो काढा आणि झेरॉक्सही करून ठेवा, त्या कागदावरचं छापलेलं काही महिन्यांत पुसट होतं.