हार्मनचं चॅपल : भिंती उभ्या राहिल्या, वेदी सुटीच ठेवतोय

टेक्ससमधल्या लाँगव्ह्यूच्या हार्मन जनरल हॉस्पिटल या दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी लष्करी रुग्णालयाच्या चॅपलचं, म्हणजे छोट्या प्रार्थनागृहाचं, १:१०० मापाचं कागदी मॉडेल करायला घेतलंय. चारही भिंती आता काटकोनात उभ्या आहेत.

मूळ बांधकाम लाकडी, पांढऱ्या रंगाचं. आडव्या फळ्या एकीवर एक चढवलेल्या. त्यासाठी माउंटबोर्डवर (जाड पुठ्ठ्यावर) कार्डशीटच्या दोन मिलिमीटरच्या पट्ट्या खालून वर लावत गेलो. प्रत्येक पट्टी दीड मिलिमीटरच दिसते. फेव्हिकॉल अगदी पातळ लावा, नाहीतर पट्टी फुगते आणि उन्हात धरली की सगळं दिसतं.

खरा जीव अडकलाय तो आतल्या वेदीत. अमेरिकी सैन्य झपाट्याने वाढत होतं, तेव्हा १९४१च्या मार्चमध्ये ६०४ चॅपलांना मंजुरी मिळाली. नकाशा ठरीव, पण प्रश्न अवघड: एकाच छताखाली प्रॉटेस्टंट, कॅथलिक आणि ज्यू अशा तिघांची उपासना व्हायची. उपाय काढला तो वेदी हलती ठेवण्याचा. मिस्सा (कॅथलिकांची उपासना) झाली की मांडणी बदलायची, पुढच्यांची प्रार्थना सुरू. इमारत कोणा एकाची वाटू नये म्हणून रूपही साधंच ठेवलं. मला ही योजना फार मोलाची वाटते. म्हणून मॉडेलमध्ये वेदी चिकटवणार नाही. छतही उचलून काढता येईल असंच बसवणार, म्हणजे बघणाऱ्याला ती स्वतः हलवून बघता येईल.

हार्मन १९४२च्या अखेरीस सुरू झालं. उष्ण प्रदेशांतले आजार घेऊन आलेले सैनिक इथे असत, मानसिक आजारांचे रुग्णही. डिसेंबर १९४५ मध्ये हॉस्पिटल बंद झालं. पुढच्याच वर्षी माती उपसण्याची अवाढव्य यंत्रं बनवणाऱ्या आर. जी. लेटूर्नो यांनी तो सगळा परिसर तांत्रिक शिक्षणसंस्थेसाठी घेतला, एका डॉलरला! आज तिथे लेटूर्नो विद्यापीठ आहे. वॉर्ड, बराकी एकेक करून गेल्या. चॅपल मात्र स्पीअर चॅपल या नावाने टिकलं. घाईत, युद्धापुरतं बांधलेलं लाकूडकाम इतकं टिकावं, याचं मला अजून नवल वाटतं.

पुढचं काम छताच्या कैच्यांचं, म्हणजे छप्पर तोलणाऱ्या लाकडी त्रिकोणी चौकटींचं. आतून त्या उघड्याच दिसतात, त्यामुळे कार्डशीट चालणार नाही. आगकाड्या तासून घेतोय. मनोरा शेवटी. खिडक्यांच्या बारीक चौकटींसाठी ओएचपी शीटवर (पारदर्शक प्लास्टिकवर) पांढरी शाई कोणी वापरली असेल, तर कोणती टिकते ते जरूर सांगा.