तांब्याची रूपं: बेरीज जुळली तिथेच फसलो

आषाढ लागल्यापासून मागच्या पडवीत गाळणकागद वाळायचं नाव घेत नाही. मालवणची हवा. गाळाचं वजन करायचा नाद सोडला. धुतला की तसाच ओला पुढच्या चंचुपात्रात.

नमुना तांब्याच्या दगडाचा, मध्य प्रदेशातल्या मलांजखंडच्या खाणीतला, एका मित्राने दिलेला. पांढऱ्या गारेत पितळी चाल्कोपायराइट (तांबं, लोह नि गंधकाचं खनिज, म्हणजे सल्फाइड), भेगांत हिरवं मॅलाकाइट (तांब्याचं कार्बोनेट, हे आम्लात सुटतं). एकूण तांबं आधीच काढलं होतं: २.१ टक्के. त्यातलं आम्लात सुटणारं किती नि सल्फाइडचं किती, एवढंच पाहायचं होतं.

१ ग्रॅम पूड, ५ टक्के सल्फ्युरिक आम्ल, वर सोडियम सल्फाइट. ते हवंच, नाहीतर गंजातून सुटलेलं फेरिक लोह सल्फाइडलाही कुरतडतं. उरलेल्या गाळावर नायट्रिक आम्ल (हे अंगणात, वाऱ्याकडे पाठ करून). गंधकाचे पिवळे गोळे वर तरंगले की समजायचं, चाल्कोपायराइट फुटलं. दोन्ही द्रावणांतलं लोह अमोनियाने दोनदा पाडलं, कारण पहिल्या गाळात थोडं तांबं अडकतंच. मग ॲसिटिक आम्ल, पोटॅशियम आयोडाइड, स्टार्च आणि ब्युरेटमधून हायपो (सोडियम थायोसल्फेट). तांबं आयोडाइडमधून आयोडीन सोडतं, स्टार्चने ते निळं दिसतं; हायपोने निळा रंग गेला की किती हायपो लागला त्यावरून तांबं कळतं.

पहिल्या भागात (आम्लात सुटलेलं) ०.५ टक्के, दुसऱ्यात (सल्फाइडचं) १.६. बेरीज २.१! स्वतःचीच पाठ थोपटली.

पण दुसऱ्या शंकूपात्रात गेलेला निळा रंग दोन मिनिटांत परत आला. पुन्हा थेंब, पुन्हा निळा. दमट हवेवर खापर फोडून झोपलो. सकाळी तांब्याच्या तारेचं मोजलेलं द्रावण घेऊन दोन्ही वाटांनी चालवलं, तेव्हा चोर सापडले. पहिल्या भागात उरलेलं सल्फाइट आयोडीन खात होतं, म्हणून आकडा कमी. दुसऱ्यात नायट्रिकची उरलीसुरली तांबूस वाफ आयोडाइडमधून फुकटचं आयोडीन सोडत होती, म्हणून जास्त. दोन चुका एकमेकींना झाकून बसल्या होत्या.

आता पहिलं द्रावण जळक्या काडीचा वास पूर्ण जाईपर्यंत उकळतो. दुसऱ्यात युरिया घालून उकळतो. नवे आकडे ०.८ आणि १.३. बेरीज तीच! निळा रंग मात्र परत येत नाही.

चाल्कोसाइट (तांब्याचं आणखी एक सल्फाइड) वेगळं काढायला प्रयोगशाळांत सायनाइड वापरतात. ते घरात आणायचं नाही, विषय संपला. त्याऐवजी थायोयुरिया वापरायची वाट पावसाळ्यानंतर बघू.

सांडपाण्यात गंजके खिळे टाकून ठेवलेत, तांबं त्यांच्यावर बसतंय. तरी आईचं पडवीतून चालूच, "ह्यां पाणी माडाच्या मुळात ओतू नको हां!"