‘सेट’ आणि आपले ‘बसवणे’

सदाशिव पेठेतल्या आमच्या घरी परवा भाची नववीचे गणिताचे पुस्तक घेऊन आली. तिच्या सेमी-इंग्रजी वर्गात संचाला ‘सेट’ म्हणतात, सोसायटीच्या गच्चीवर गवंडी ‘सिमेंट सेट होऊ द्या’ म्हणत होता, आणि तिला स्वतःला केस सेट करायचे होते; तेव्हा “मामा, या शब्दाचे अर्थ तरी किती?” हा तिचा प्रश्न रास्तच होता.

ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत ‘सेट’ या क्रियापदाचे ४३० अर्थ दिले असून ती एकच नोंद सुमारे ६०,००० शब्दांची आहे. (पुढे कोशाच्या संपादकांनी ६४५ अर्थांच्या ‘रन’ला पहिला मान दिला.) मला मात्र या आकड्यांपेक्षा त्या शब्दाचे कूळ अधिक मोलाचे वाटते. ‘सेट’ हे मुळात ‘सिट’चे प्रयोजक रूप, म्हणजे ‘बसणे’वरून ‘बसवणे’ व्हावे तसेच. एकदा हे ध्यानात आले की निम्मे कोडे आपल्याच मराठीत सुटते, कारण हाडवैद्य निखळलेले हाड बसवतो, सराफ कोंदणात हिरा बसवतो आणि गायक कवितेला चाल बसवतो, या तिन्ही ठिकाणी इंग्रज ‘सेट’च म्हणेल. आपण अर्थात एवढ्यावर थांबत नाही. आपण गणपती बसवतो, आणि पुरुषोत्तम करंडकासाठी महाविद्यालयातली मुले रात्र-रात्र जागून एकांकिका बसवतात, तिथे मात्र ‘सेट’ चालत नाही.

भाचीला हे पटले, पण तिने लगेच अडवले: “मग गणितातल्या सेटमध्ये कोण कोणाला बसवते?” कोणीच नाही. समूह या अर्थाचा ‘सेट’ जुन्या फ्रेंचमधून आलेला, लॅटिन ‘सेक्टा’च्या वंशातला निराळा शब्द आहे, पंथाला इंग्रजीत ‘सेक्ट’ म्हणतात तोही त्याच घरातला. दोघांचा उच्चार एक झाल्यामुळे पुढे अर्थही एकमेकांत मिसळले. म्हणूनच कपबश्यांचा सेट ‘बसवणे’त बसत नाही, त्याला संचच म्हणावे लागते.

तिने वहीत ‘बसवणे’ आणि ‘संच’ असे दोन रकाने पाडले. रात्री पहाटेच्या क्लाससाठी मोबाइलवर गजर सेट करताना ती थबकली, “मामा, गजर आपण लावतो ना?” असे म्हणाली आणि तिसरा रकाना आखायला पट्टी शोधू लागली.