मामा तलावांच्या मुलखात तीन दिवस (नवेगाव बांध, झिलमिली, परसवाडा आणि एक बिननावाची बोडी)

आधी एक क्लिअर करून टाकतो, मामा तलाव म्हणजे कोणाच्या मामाचा तलाव नाही. माजी मालगुजारी, त्याचं शॉर्टमध्ये मामा. मालगुजार म्हणजे गावाचा शेतसारा गोळा करणारा जमीनदार. 1950 नंतर मालगुजारी गेली, तलाव सरकारच्या ताब्यात आले आणि नावात तेवढं 'माजी' चिकटलं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली मिळून असे सहा हजारांच्या वर तलाव आहेत. मी नागपूरचा असून चाळिशीपर्यंत नवेगाव बांध सोडून एकही धड बघितला नव्हता, याची लाज वाटून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मी, मेहुणा आणि अकरा वर्षांची पोरगी असे कार घेऊन निघालो.

नागपूर-भंडारा-साकोली-कोहमारा असा सरळ हायवे आहे, नवेगाव बांध दीडशे किमीच्या आत. पण साकोलीजवळ शिवनीबांधला थांबाच. आम्ही चहा प्यायला म्हणून थांबलो आणि दीड तास गेला, कारण पाण्यात अडई बदकांचा एवढा मोठा थवा बसला होता की पोरीला आधी ती जलपर्णीच वाटली, मग एकदम सगळी उडाली, ती शिटी वाजवल्यासारखा आवाज करत.

नवेगाव बांधबद्दल सगळीकडे लिहिलेलं आहे म्हणून पटकन सांगतो. अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळींनी बांधलेला तलाव, पसारा अकरा चौरस किमीच्या आसपास, भोवती टेकड्या, त्यांना सात बहिणी म्हणतात. या भागातले बरेचसे तलाव कोहळी समाजाचेच. पाणी कुठून येईल, पाळ म्हणजे मातीचा बांध कुठे घालायचा, एका तलावाचा सांडवा खालच्या तलावात कसा सोडायचा, हे त्या लोकांना कसलंही मशीन नसताना कळत होतं. मॅपवर सॅटेलाइट व्ह्यू लावून बघा, तलावाखाली तलाव अशा माळा दिसतात. रविवारी मात्र नवेगावला जाऊ नका, पिकनिकवाल्यांचे स्पीकर असतात, पक्षी सगळे पलीकडच्या काठाला. आम्ही नेमके रविवारीच गेलो.

रूम ऑनलाइन बुक केली होती, ठिकाणाचं नाव घेत नाही, फोटोत गिझर होता, बाथरूममध्ये फक्त गिझरचे दोन खिळे होते. सकाळी आठ-नऊ डिग्री. वनविभागाची राहायची सोय आहे ती आधीच बुक करा, शेवटच्या दिवसावर ठेवू नका.

आता खरी गोष्ट. दुसऱ्या दिवशी सिरेगाव बांधला जायचं होतं. तिथे गेलोही, छान आहे, पण जाताना मॅपने एका गावातून शॉर्टकट दाखवला आणि गाव संपल्यावर डाव्या हाताला एक छोटं पाणी दिसलं, जेमतेम दोन-तीन क्रिकेट ग्राउंडएवढं. बोर्ड नाही, मॅपवर नाव नाही. एका आजींना विचारलं तर म्हणाल्या, "बोडी होय जी." बोडी म्हणजे शेतकऱ्याचा स्वतःचा छोटा तलाव. पाळीवर मोहाची तीन जुनी झाडं, खाली बसलो आणि मग तीन तास उठलोच नाही.

कमळाच्या पानांवरून कमळपक्षी चालत होते, लांब बोटांचा पाय उचलून पुढच्या पानावर ठेवायचा, पान जरासं बुडायचं, बोटांवरून पाणी जायचं आणि तोवर तो पुढच्या पानावर. पोरगी दुर्बीण सोडायलाच तयार नाही. मधेच एक काका डोंगा घेऊन आले, जाळं उचललं, त्यात चार बोटभर मासे आणि बाकी सगळा चिखल, ते आमच्याकडे बघून हसले. मग दोन बायका कंबरभर पाण्यात उतरून पायाने चाचपून कमळाची मुळं काढायला लागल्या. याला इकडे ढेस म्हणतात, भाजी करतात. त्यातल्या एकीने आम्हाला तीन-चार दिले, पाण्यात हात घालून आधी स्वच्छ धुऊन. कापल्यावर आत भोकं भोकं असतात, घरी बायकोने पातळ चकत्या करून तळले, चव बटाट्याच्या जवळची पण कुरकुरीत.

त्या बायकांकडूनच कळलं की आधी पाण्यात देवधान भरपूर असायचं, म्हणजे आपोआप येणारा जंगली भात, आता काठाला बेशरमच जास्त. जांभळट फुलांचं ते झुडूप तुम्ही बघितलं असेल, दिसायला बरं पण एकदा शिरलं की काठ खाऊन टाकतं. शिवाय गाळ. तलाव भरलेला दिसतो पण खोली राहिलेली नसते, मार्च-एप्रिलमध्ये अर्ध्यावर येतो. त्यामुळे पाणी आणि पक्षी दोन्ही बघायचे तर डिसेंबर ते फेब्रुवारी, उन्हाळ्यात येऊन मग तलाव आटले म्हणून तक्रार करू नका.

निघताना मेहुण्याला पाळीखालच्या शेतातून गाडी वळवायची बुद्धी झाली. धान कापलेलं, वरून ढेकळं कोरडी ठणठणीत. पाच फूट गेलो आणि पुढची दोन्ही चाकं खाली. पाळीतून पाणी पाझरत असतं, खालची बांधी, म्हणजे धानाचं खाचर, आतून ओलीच राहते, म्हणून तर उन्हाळी धान तिथे होतं, हे नंतर ट्रॅक्टरवाल्या दादांनी समजावलं. त्यांचं पहिलं वाक्य, "का जी, गाडी बांधीत कायले टाकली?" याचं उत्तर आमच्याकडे नव्हतं. दोराने ओढून काढली, पैसे घेतले नाहीत, ट्रॅक्टरसोबत त्यांचा आणि त्यांच्या पोराचा फोटो मात्र काढून घेतला. तर गाडी गावात लावा आणि पाळीवर पायी जा. पाळीवर गाडी घालूच नका, वळायला जागा नसते आणि समोरून बैलगाडी आली तर रिव्हर्स तुम्हालाच घ्यावा लागतो.

त्या रात्री जवळच्या गावात झाडीपट्टीचं, म्हणजे या पूर्व विदर्भातल्या जंगलपट्ट्याचं, नाटक होतं. दिवाळीनंतर इकडे मंडई (म्हणजे गावची जत्रा, भाजीबाजार नव्हे) आणि नाटकांचा सीझन असतो, रात्रभर चालतं, घोंगडी नेली नाही तर कुडकुडून मराल. आम्ही दोन वाजता हार मानली, पोरगी मेहुण्याच्या मांडीवर झोपली होती आणि स्टेजवर सासू अजून जिवंत होती.

तिसरा दिवस गोंदियाकडे. झिलमिली आणि परसवाडा, दोन्ही बिरसी विमानतळाच्या बाजूला. पहाटे पाचला उठा, धुकं असतं पण ते वर सरकायला लागलं की बदकं दिसायला लागतात. आम्हाला लालसरी, तलवार बदकं आणि पट्टेरी डोक्याचे हंस दिसले, ते हिमालयावरून येतात हे पोरीला सांगितलं तर तिचा प्रश्न, "मग थंडीच आवडत नसेल तर तिथे राहतातच कशाला?"

सारस तलावावर नाही, परत येताना लाखोळीच्या शेतात दिसले. निळी बारीक फुलं, त्यात दोन मोठे आणि मधे तपकिरी डोक्याचं पिल्लू. मोठा सारस उभा राहिला की माणसाएवढा दिसतो. मग दोघांनी माना वर करून हाक दिली, नर एकदा ओरडतो तेवढ्यात मादी दोनदा. आवाज छातीत वाजतो. महाराष्ट्रात सारस जवळजवळ फक्त याच पट्ट्यात उरलाय, घरटंसुद्धा पावसाळ्यात धानाच्या बांधीतच करतो, म्हणजे सगळं त्या शेतकऱ्याच्या मर्जीवर. म्हणून लोकेशन विचारू नका, मी देणार नाही. दिसला तर रस्त्यावरूनच बघा, धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) चढून मोबाइल घेऊन मागे जाऊ नका, आणि ड्रोन तर घरीच ठेवा.

बाकी फुटकळ. सुट्टे पैसे ठेवा, आतल्या गावांत नेट जातं आणि मग यूपीआय फक्त गोल गोल फिरत राहतं. जेवायला हायवेवर खूप आहे, आत नाही, पण टपरीवर आदल्या दिवशी सांगितलं तर भात, वरण आणि तलावाची मच्छी करून देतात. भंडाऱ्याचा चिन्नोर तांदूळ मिळाला तर घ्या, शिजताना घरभर वास येतो. ट्रेनने येणार असाल तर गोंदिया-बल्लारशा लाइनवर अर्जुनी स्टेशन आहे, पण नंतर फिरायला स्वतःची गाडी नसेल तर एसटीच्या टायमिंगवर सगळा दिवस जाईल. तलाव मासेमारीसाठी ढिवर लोकांच्या संस्थांकडे असतात, त्यामुळे गळ टाकून बसायच्या आधी विचारा, आणि डोंग्यात बसवा म्हणून मागे लागू नका, तो एका माणसाच्या बॅलन्सचा असतो, मेहुण्याने ट्राय करून झालंय.

ट्रॅक्टरवाल्या दादांचा नंबर घेतलाय, फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला तर म्हणाले मोबाइलवर नको जी, कागदावर पाहिजे, भिंतीला लावायचाय. प्रिंट काढून ठेवलीय. कुरिअर त्यांच्या गावात जात नाही म्हणतात, तर बहुतेक धान निसवायच्या सुमाराला मीच जातो घेऊन.