दुसऱ्या भोकात सा

आधीच सांगून टाकतो, माझं वय चव्वेचाळीस आहे आणि मी नुकताच एक आठवडा होस्टेलवर राहून आलोय. कॉमन बाथरूम, खोलीत पार्टनर, सकाळी प्लेट हातात घेऊन मेसची रांग, सगळं. स्वतःचे पैसे भरून. बायकोला आधी वाटलं ऑफिसचं ट्रेनिंग असेल, मग कळलं की नवरा माउथऑर्गन शिकायला चाललाय, तेव्हा ती फक्त "बरं" म्हणाली. ज्यांची लग्नं जुनी झालीयत त्यांना ते "बरं" कळेल.

तर पोर्ट टाउनसेंड, अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातलं समुद्राकाठचं गाव. आम्ही बेलव्ह्यूला राहतो, सिअ‍ॅटलच्या शेजारी, तिथनं एडमंड्सला जाऊन फेरी पकडायची, किंग्स्टनला उतरायचं आणि मग हूड कनॉलवरचा पूल. हा पूल पाण्यावर तरंगतो, म्हणजे शब्दशः तरंगतो, आणि जवळच नेव्हीचा पाणबुड्यांचा तळ आहे, त्यामुळं पाणबुडी जायची असली की पूल मधोमध उघडतो आणि आपण गाडी बंद करून गुमान बसायचं. जाताना नाही सापडलो. येतानाचं शेवटी सांगतो.

कॅम्प असतो फोर्ट वर्डनमध्ये. किल्ला म्हणल्यावर माझ्या डोळ्यासमोर विजयदुर्ग आला होता, तसलं काही नाही. १९०० च्या आसपास समुद्रातनं येणारी शत्रूची जहाजं अडवायला अमेरिकन लष्करानं बांधलेली छावणी, लाकडी बराकी, मोठं परेड ग्राउंड आणि टेकडीवर तोफांसाठी काँक्रीटचे ओटे. शत्रूवर एक गोळा कधी सुटला नाही इथनं. आता स्टेट पार्क आहे, ग्राउंडवर हरणं चरत असतात, जवळ गेलं तरी हलत नाहीत. सेंट्रम नावाची संस्था इथं १९७३ पासून आहे, आणि दर उन्हाळ्यात ती अकूस्टिक ब्लूजचा आठवडा भरवते. ब्लूज म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या काळ्या लोकांचं संगीत, अकूस्टिक म्हणजे विजेच्या वाद्यांशिवाय. गिटार, पियानो, हार्मोनिका, गाणं. दिवसभर क्लास, रात्री जॅम, म्हणजे जमून एकत्र वाजवणं.

माझा पार्टनर ओरेगनचा एक रिटायर्ड सुतार, बहात्तर वर्षांचा, घोरायचा पण चक्क शफलमध्ये, म्हणजे ब्लूजच्या त्या लंगडत्या ठेक्यात, आणि रोज सकाळी सहाला उठून स्वतःच्या हातानं बनवलेली गिटार पुसायचा. चांगला माणूस. मी नेलेली लसणाची चटणी त्यानं ब्रेडवर लावून संपवली, आणि तिसऱ्या दिवशी हार्मोनिकाच्या मास्तरांनी वर्गात सगळ्यांना बजावलं की जेवल्यावर चूळ भरल्याशिवाय वाजवायचं नाही, पट्ट्यांमध्ये खरकटं अडकतं. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही पण मी ओशाळलोच.

आता मुद्द्याचं. मी मूळचा पेटीवाला. सांगलीत आमच्या गल्लीतल्या भजनी मंडळात वडील पेटी वाजवायचे आणि मी अकरा-बारा वर्षांचा असल्यापासून त्यांच्या शेजारी बसून. पुढं इंजिनिअरिंग, नोकरी, अमेरिका, पेटी माळ्यावर. हार्मोनिका घेतली ती खिशात मावते म्हणून, बाकी काही थोर कारण नाही. यूट्यूबवर बघून दोन वर्षं वाजवली आणि मला वाटत होतं की ब्लूज म्हणजे एक स्केल असतं, सहा सूर असतात, ते उलटसुलट केले की झालं.

पहिल्या तासाला मास्तर म्हणाले, सी हार्प काढा, म्हणजे सी सुराची हार्मोनिका. मी ऐटीत पहिल्या-चौथ्या भोकात फुंकून सा लावला. ते म्हणाले, नाही, सा तिकडं नाही. दुसऱ्या भोकात ओढा. श्वास आत. तोच आपला सा.

म्हणजे कसं बघा, दहा भोकांची ही हार्मोनिका जर्मनीतनं आली. होनर कंपनी १८५७ पासूनची, तिचं मरीन बँड मॉडेल १८९६ चं, आजही मिळतं. ती बनवली होती जर्मन लोकगीतं वाजवायला, फुंकलं की सरळ गोड सी मेजर. अमेरिकेच्या दक्षिणेत ती स्वस्तात मिळायला लागली आणि काळ्या वादकांनी ती अक्षरशः उलटी केली. फुंकायच्या ऐवजी ओढायचं. दुसरं भोक ओढलं की जी लागतो, त्याला सा धरायचं. मग तिसरं ओढलं की शुद्ध ग, चौथं ओढलं की प, पाचवं ओढलं की आपोआप कोमल नी. एक ते पाच एकदम ओढलं तर जी सेव्हन कॉर्ड, म्हणजे ब्लूजचा अख्खा रंग त्या जर्मन डबीत लपलेला होता आणि तो बनवणाऱ्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. याला क्रॉस हार्प म्हणतात. गिटारवाले ई ला सा धरून वाजवत असतील तर आपण ए ची हार्प काढायची, ते ए ला धरून असतील तर डी ची. त्यामुळं कमरेला पट्टा आणि त्यात सहा-सात हार्पा, काडतुसांसारख्या. छावणीला शोभून दिसतं.

आणि मग तिसरं भोक. जिभेची मागची बाजू खाली सोडत, घसा उघडत श्वास ओढायचा, तर त्या एकाच भोकातनं शुद्ध ग, कोमल ग, रे, कोमल रे असे चार सूर निघतात. सलग. मींडेसारखे. आणि ब्लूजला जो ग पाहिजे असतो तो शुद्धही नाही आणि कोमलही नाही, दोघांच्या मध्ये कुठंतरी, आणि मास्तरांच्या मते तो रोज थोडा हलतो.

माझ्या डोळ्यात पाणी यायचं बाकी होतं. कारण पेटी आणि हार्मोनिका सख्ख्या चुलत बहिणी, दोघींच्या पोटात पितळी पट्ट्याच, आणि पेटीला आयुष्यभर काय ऐकून घ्यावं लागलं तर मींड येत नाही. १९४० साली रेडिओवर तिच्यावर बंदी घातली ती उठायला १९७१ साल उजाडलं. वडील तो विषय निघाला की अजून चिडतात. आणि इथं तिचीच बहीण, तोंडात धरली म्हणून, श्वास थेट पट्टीला लागतो म्हणून, जे पेटीला जन्मात जमलं नाही ते करत होती. मला अर्थात जमलं नाही. वर्गात वीस जण एकदम तिसरं भोक ओढत होते तर लक्ष्मी रोडवर सिग्नल सुटल्यासारखं वाटत होतं.

टाळीचं सांगायलाच पाहिजे. चार मात्रांतल्या दोन आणि चारवर टाळी. एक आणि तीनवर वाजवली की मास्तर गाणं थांबवायचे, रागवायचे नाहीत, फक्त थांबून बघायचे. माझा हात समेवर जातोच, काय करणार, ज्ञानबा-तुकारामात वाढलेला हात आहे. शिवाय बारा बार म्हणल्यावर माझ्या डोक्यात एकताल सुरू झाला, आणि हे बारा म्हणजे बारा मात्रा नव्हेत तर चार-चारचे बारा खण, एकूण अठ्ठेचाळीस, हे अंगात उतरायला बुधवार उजाडला.

बुधवारीच आगगाडी झाली. हार्मोनिकावर आगगाडी वाजवणं हा जुना धडा आहे, दोन श्वास आत, दोन बाहेर, पहिल्या चार भोकांवर, हळूहळू वेग वाढवत. पण वाजवायच्या आधी मास्तरांनी डीफोर्ड बेलीची गोष्ट सांगितली. नॅशव्हिलच्या रेडिओवरच्या त्या प्रसिद्ध ग्रँड ओल ऑप्री कार्यक्रमाचा तो सुरुवातीचा स्टार, काळा, १९२७ मध्ये त्याची पॅन-अमेरिकन रेल्वेवरची हार्मोनिका रेकॉर्ड झाली. १९४१ मध्ये त्याला काढून टाकलं आणि पुढं त्यानं बूटपॉलिशचं दुकान चालवून पोट भरलं. कंट्री म्युझिकच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याला घेतलं ते २००५ मध्ये, तोवर तो जाऊन वीसेक वर्षं झाली होती. हे सांगून मास्तर म्हणाले, आता प्रत्येकानं आपापल्या गावची गाडी वाजवा. मी मिरज-पंढरपूर नॅरोगेज वाजवली. लहानपणी तिच्यातनं गेलोय, सायकलवाला शर्यत लावेल असली ती गाडी. मास्तर म्हणाले, तुझी गाडी फार हळू आहे. मी म्हणलं, ती तशीच होती.

एक गोष्ट खटकत राहिली ती पण लिहितो. शिकवणारे बरेचसे काळे, शिकणारे जवळजवळ सगळे गोरे, रिटायर्ड, हातात माझ्या गाडीच्या किमतीच्या गिटारी. त्यात एक मी तपकिरी. सगळे प्रेमानं आले होते, त्यात शंका नाही. पण पुण्यात लावणीचं वर्कशॉप होतं तेव्हा सतरंजीवर कोण बसलेलं असतं आणि समोर कोण, हे मला तिथं बसून आठवलं. उत्तर काही नाही माझ्याकडं.

रात्रीचे जॅम बराकींच्या व्हरांड्यात. ऑगस्ट तोंडावर आला तरी समुद्रावरनं असा गारठा येतो की जॅकेट लागतं. लोक खुर्च्या ओढून गोल करतात, कुणीतरी गातं, बाकीचे साथ. पूर्वी वॉशिंग्टन डीसीत आर्ची एडवर्ड्स नावाच्या गिटारवादकाचं केशकर्तनालय होतं, तिथं शनिवारी असेच लोक जमायचे, मिसिसिपी जॉन हर्टसारखा ब्लूजचा नावाजलेला गायकसुद्धा यायचा. त्याच डीसीच्या मंडळींमधला हार्मोनिकावाला फिल विगिन्स, तो इथं पोर्ट टाउनसेंडलाही शिकवायला असायचा, २०२४ मध्ये गेला. त्याचं नाव रोज कुणी ना कुणी काढायचंच.

तर मंगळवारी रात्री मी त्या गोलात घुसलो. एक बाई गात होत्या, सत्तरीच्या असतील, आवाज जाडा आणि छान. मी माझ्या परीनं उत्तम साथ करत होतो. त्या वर गेल्या की मी वर, त्या खाली की मी खाली, सावलीसारखा. दुसऱ्या कडव्यानंतर त्या थांबल्या आणि मला म्हणाल्या, "बाळ, माझं वाक्य तरी संपू दे."

सगळे हसले, मीही हसलो, पण रात्री झोप लागली नाही (सुतारबुवांचं शफल चालू होतं ते वेगळं). कारण वडिलांनी मला शिकवलं ते हेच होतं की, बुवा जिथं जातील तिथं पेटी मागं मागं गेली पाहिजे, गळ्याला चिकटून, एक क्षण हात सोडायचा नाही. पेटीच्या साथीचं सगळं कसब तेच. आणि इथं तेच म्हणजे उद्धटपणा.

दुसऱ्या दिवशी मास्तरांना विचारलं. त्यांनी फळ्यावर बारा चौकोन काढले, चार-चारच्या तीन ओळी. प्रत्येक ओळीत गाणारा साधारण पहिले दोन चौकोन घेतो, उरलेले दोन मोकळे. ते तुझे. एका कडव्यात तीन जागा, तेवढ्यात काय बोलायचं ते बोल. गाणाऱ्यानं काहीतरी सांगितलंय, तू त्याला उत्तर देतोयस. तो सांगत असतानाच उत्तर देशील तर मग ऐकलं कुणी? दोन वर्षं यूट्यूबवर मी बोटं बघत होतो लोकांची, म्हणजे गाल म्हणा, आणि हे कुठं दिसलंच नव्हतं, कारण गप्प बसलेला माणूस व्हिडिओत कापून टाकतात.

गुरुवारी गाणी लिहायचा तास. ब्लूजचं कडवं म्हणजे पहिली ओळ, तीच ओळ पुन्हा, मग तिसरी ओळ तिला जवाब देते. माझी आजी जात्यावर बसायची तेव्हा ओवीची ओळ अशीच दोनदा यायची, दुसऱ्यांदा म्हणताना बहुतेक पुढची जुळवत असणार. मास्तर म्हणाले, इंग्रजीतच पाहिजे असं नाही, पण खोटं लिहू नका, कापसाच्या शेतावर लिहू नका, तुम्ही कधी कापूस वेचलेला नाही. मग मी काय लिहिणार, भारतातनं आलेला सॉफ्टवेअरवाला, ग्रीन कार्डच्या रांगेत उभा:

तारीख माझी पुढं सरंना, आलं बुलेटिन गेलं बुलेटिन
अगं तारीख माझी पुढं सरंना, आलं बुलेटिन गेलं बुलेटिन
पोराला मिसरूड फुटलं राजा, मी अजून त्याच लाइनीत

अर्थ सांगितला. दर महिन्याला व्हिसा बुलेटिन येतं, त्यात आपल्या तारखेपर्यंत रांग आली का ते बघायचं, आणि पोरगं एकवीसचं झालं की ते आपल्या अर्जातनं बाहेर पडतं. माझा चौदाचा आहे. जरा वेळ कुणी काही बोललं नाही.

शेवटच्या रात्री व्हरांड्यात ते गायलो. सुतारबुवा गिटारवर, आणि हार्मोनिकावर माझ्याच वर्गातली एक पोरगी, पोर्टलँडची, विशीतली, माझ्यापेक्षा बरी. पहिली ओळ म्हणालो आणि दुसरी विसरलो. दुसरी म्हणजे पहिलीच असते, तरी विसरलो! पण ते दोन बार मोकळे होते ना, त्यात ती तिसऱ्या भोकातला तो ना धड शुद्ध ना धड कोमल ग घेऊन हळू खाली सा वर आली, घाई न करता, आणि तेवढ्यात मला ओळ आठवली, श्वासही घेऊन झाला. ती मराठी समजत असल्यासारखी वाजवत होती. त्या मंगळवारच्या बाई समोरच बसल्या होत्या, मी बघायचं टाळलं.

रविवारी परत. हूड कनॉलला पूल उघडा. शंभरेक गाड्या उभ्या, लोक खाली उतरून रेलिंगला. पाणबुडी काही मला दिसली नाही. बायकोचा फोन आला, कुठवर आलास, म्हणलं पुलावर, किती वेळ, म्हणलं काय माहीत, तर म्हणाली, "बरं." मी बॉनेटला टेकून कडवं म्हणायला लागलो. एक ओळ म्हणायची आणि दोन बार गप्प. दुसऱ्यांदा गप्प बसलो तेव्हा पुढच्या गाडीतल्या बारक्यानं खिडकीतनं हात बाहेर काढून दारावर थापा मारायला सुरुवात केली.

एक आणि तीनवर.